दृष्टान्तापासून शब्दापर्यंत : स्पॅनिश 'पालाब्रा'चा प्रवास

स्पॅनिश भाषेत शब्दाला 'पालाब्रा' म्हणतात. शब्दकोशांतून, शपथांतून, भांडणांतून आणि प्रार्थनांतून हे पद सारख्याच सहजतेने वावरते. ते मूळचे कोठले, असा प्रश्न त्या भाषेच्या सामान्य भाषकाला कधी पडत नाही. पडला, तर तो चकित होईल. स्पॅनिश ही लॅटिनची कन्या, आणि लॅटिनमध्ये शब्द या अर्थाचे 'वेर्बुम' हे पद शतकानुशतके रूढ होते. पाणी, पाव, हात, रात्र यांसारख्या नित्याच्या गोष्टींची नावे कन्येने आईकडूनच घेतली. 'आक्वा'चे 'आग्वा' झाले, 'पानिस'चे 'पान', 'मानुस'चे 'मानो' आणि 'नोक्तेम'चे 'नोचे'. शब्दाचे नाव मात्र तिने आईच्या देवघरात तसेच राहू दिले आणि स्वतःच्या वापरासाठी दुसरेच उचलले. ते मूळचे ग्रीक होते आणि त्याचा अर्थ शब्द असा नव्हताच.

ग्रीक भाषेत 'बाल्लेइन' म्हणजे टाकणे, फेकणे, आणि 'पारा' म्हणजे शेजारी. एखाद्या वस्तूच्या शेजारी दुसरी आणून टाकणे, म्हणजेच दोहोंची तुलना करणे, ही 'पाराबोले' या नामाची मूळ कल्पना होय. ॲरिस्टॉटलने आपल्या 'वक्तृत्वशास्त्रा'त हे पद पारिभाषिक अर्थाने योजले आहे. वक्त्याने कल्पून सांगितलेल्या उदाहरणांचे तो दोन वर्ग करतो. एक, ईसापच्या धर्तीची कल्पित कथा आणि दुसरा, व्यवहारातील साधे सादृश्य. या दुसऱ्याला तो 'पाराबोले' म्हणतो.

गणितज्ञांनीही हेच पद उचलले. इसवी सनापूर्वी सुमारे २०० या काळात होऊन गेलेल्या पेर्गाच्या अपोलोनियसने शंकूच्या छेदांतून निर्माण होणाऱ्या वक्रांना जी नावे दिली, ती क्षेत्रफळे एका रेषेला 'लावण्या'च्या जुन्या भूमितीय रीतीवरून दिली. लावलेले क्षेत्र बरोबर बसले तर 'पाराबोले', उणे पडले तर 'एल्लेइप्सिस' आणि अधिक झाले तर 'हुपेर्बोले'. मराठी पाठ्यपुस्तकांत पॅराबोलाला 'अन्वस्त' म्हणतात. ही परिभाषा घडविणाऱ्यांनी संस्कृतातील 'अस्' म्हणजे फेकणे या धातूच्या 'अस्त' या रूपामागे 'अनु' हा उपसर्ग ठेवला आहे. अन्वस्त म्हणजे 'अनुरोधाने फेकलेले'. शाळेतील मुलाला हे पद रूक्ष आणि बोजड वाटते, आणि ते कोणी समजावूनही सांगत नाही. परंतु ग्रीक शब्दाचे इतके नेमके प्रतिरूप फार थोड्या भाषांनी घडविले असेल.

पाराबोले हे पद पंडितांच्या शाळेतून लोकांच्या तोंडी गेले ते मात्र भूमितीच्या वाटेने नव्हे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियातील ज्यू विद्वानांनी आपले हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले. 'सेप्टुआजिंट' या नावाने हे भाषांतर प्रसिद्ध आहे. हिब्रूत 'माशाल' असे एक विस्तीर्ण अर्थाचे पद आहे. म्हण, उपमा, कोडे, उपरोधाचे गीत, द्रष्ट्याचे गूढ वचन ही सारी माशालच्या कक्षेत येतात. भाषांतरकारांनी त्यासाठी बहुतेक ठिकाणी पाराबोले वापरले आणि हिब्रू पदाचा सारा पसारा ग्रीक पदाच्या अंगावर चढला. पुढे शुभवर्तमानांत येशूने सांगितलेल्या कथांना हेच नाव मिळाले. पेरणाऱ्याची कथा, उधळ्या पुत्राची कथा, हरवलेल्या मेंढराची कथा. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात यांना 'दाखले' म्हणतात. चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त संगृहीत केले असल्याने हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाला परका नाही. फरक इतकाच, की मराठीत दृष्टान्त हा दृष्टान्तच राहिला. पश्चिम युरोपात त्याचा 'शब्द' झाला.

हे स्थित्यंतर घडले कसे? त्याचा एक धागा संत जेरोमच्या लॅटिन बायबलात सापडतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस पोप दमासस याच्या सूचनेवरून जेरोमने हे काम हाती घेतले आणि त्याचा मोठा भाग बेथलेहेमला राहून केला. 'गणना' या पुस्तकात बलाम नावाचा द्रष्टा बोलू लागतो तेव्हा तो 'आपला पाराबोला उचलून' बोलतो, अशी लॅटिन शब्दयोजना आहे. ईयोबाच्या पुस्तकातही दोन ठिकाणी तसेच आहे. ईयोब पाराबोला उचलतो, पण पुढे येते ते त्याच्या दुःखाचे सरळ, उघडे भाषण. त्यात कथा नाही, कोडे नाही, उपमाही बेताचीच. हिब्रूची एक लकब शब्दशः लॅटिनमध्ये उतरली होती. व्याकरण न शिकलेला श्रोता प्रवचनात ते ऐके तेव्हा त्याच्या दृष्टीने पाराबोला म्हणजे 'बोलणे' एवढाच अर्थ उरत असणार. दर रविवारी धर्मोपदेशक पाराबोला सांगत असे, म्हणजेच तो बोलत असे. त्यातूनच 'पाराबोलारे' हे क्रियापद निघाले. कॅरोलिंजियन काळातील लॅटिन दस्तऐवजांत ते बोलणे, वाटाघाट करणे या अर्थाने आढळते.

दुसरा धागा वेर्बुमचा. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ग्रीक 'लोगोस'ने होतो आणि लॅटिनमध्ये तेथे 'वेर्बुम' आले. मराठी बायबलात त्या जागी 'शब्द' आहे. हा शब्द म्हणजे खुद्द ईश्वर, त्रैक्यातील दुसरी व्यक्ती. अभ्यासकांत रूढ असलेले स्पष्टीकरण असे की, ज्या पदाने ईश्वराचा निर्देश होतो ते बाजारातील चकाट्यांसाठी वापरण्याचा लोकांना संकोच वाटू लागला आणि रिकाम्या झालेल्या जागी पाराबोला येऊन बसला. हे स्पष्टीकरण मोहक आहे, परंतु तेवढ्याने भागत नाही. पवित्र पदे लोक नित्य व्यवहारात, शिव्यांतसुद्धा, खुशाल वापरतात. शिवाय वेर्बुम अगदीच निर्वंश झाले नाही. त्याच्या 'वेर्बा' या अनेकवचनातून फ्रेंचमधील 'व्हर्व्ह' हा जोमदार वक्तृत्वाचा वाचक शब्द आला आणि तो इंग्रजीतही गेला. वेर्बुम अस्पृश्य झाले असे म्हणण्यापेक्षा ते पुस्तकी आणि देवळातले झाले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. स्पॅनिशमध्ये 'व्हेर्बो' आजही आहे, पण त्याचे दोनच अर्थ : एक ईश्वरी शब्द आणि दुसरा व्याकरणातील क्रियापद. धर्मगुरू आणि शाळामास्तर यांनी तो आपापसांत वाटून घेतला आहे.

रिकाम्या जागी काय बसवावे याविषयी लॅटिनच्या लेकींचे एकमत झाले नाही. इटालियनने 'पारोला' घेतला, कॅटलानने 'पाराउला', पोर्तुगीजने 'पालाव्रा'. फ्रेंचने 'पारोल' घेतला तरी सुट्या शब्दासाठी तिने 'मो' हे पद पसंत केले. त्याचे मूळ पुटपुटण्याच्या ध्वनीत, 'मुत्तुम'मध्ये आहे. सर्वांत वेगळी वाट रुमानियनची. तेथे शब्दाला 'कुविन्त' म्हणतात आणि ते लॅटिन 'कोन्व्हेन्तुम'पासून, म्हणजे एकत्र जमण्यापासून, आले आहे. सभेपासून शब्द कसा निघाला याचे नवल मराठी वाचकाला वाटू नये. मराठीतील 'गोष्ट' संस्कृत 'गोष्ठी'पासून आली. गोष्ठ म्हणजे गाईंचा गोठा, गोष्ठी म्हणजे एकत्र जमणे, मग जमून केलेले संभाषण, मग सांगितलेली कथा आणि शेवटी 'ही गोष्ट वेगळी' या वाक्यातली कोणतीही बाब. ग्रीक पदाने कथेपासून शब्दाकडे प्रवास केला. गोठ्यापासून निघालेली गोष्ट कथेवरून वाटेल त्या बाबीपर्यंत पोचली.

लॅटिन 'पाराबोला'चे स्पॅनिश 'पालाब्रा' झाले ते दोन पायऱ्यांनी. आघात 'रा'वर असल्याने मधला दुबळा 'ओ' गळला आणि 'पाराब्ला' उरला. मग र आणि ल यांनी जागा बदलल्या. चमत्कारवाचक 'मिलाग्रो' हा जुन्या 'मिराग्लो'पासून आणि संकटवाचक 'पेलिग्रो' हा 'पेरिग्लो'पासून याच रीतीने आला. नुकसानला 'नुसकान' आणि चिकटणेला 'चिटकणे' म्हणणारा मराठी माणूस हा वर्णविपर्यास रोज करतो. त्याला अशुद्ध म्हणून हिणवले जाते, एवढेच. स्पॅनिशमध्ये या 'अशुद्ध' रूपांनाच राजमान्यता लाभली. पंडितांनी पुढे ग्रंथांतून तेच लॅटिन पद पुन्हा उचलले आणि 'पाराबोला' असे जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. त्यामुळे आज स्पॅनिशमध्ये दोन भावंडे नांदतात : रस्त्यावर वाढलेली पालाब्रा आणि पाठशाळेतून आलेली पाराबोला. बायबलातील कथा आणि भूमितीतील वक्र ही दोन्ही दुसरीच्या वाट्याला आली.

येथे एक विसंगती ध्यानात येते. इटालियन 'पार्लारे', कॅटलान 'पार्लार', फ्रेंच 'पार्ले' ही बोलण्याची क्रियापदे पाराबोलारेपासून आली. स्पॅनिशने नाम घेतले, क्रियापद मात्र घेतले नाही. स्पॅनिश माणूस 'आब्लार' करतो आणि पोर्तुगीज माणूस 'फालार'. ही दोन्ही 'फाबुलारी' या जुन्या लॅटिन क्रियापदाची रूपे. फाबुला म्हणजे कहाणी, आणि फाबुलारी म्हणजे गप्पा मारणे. सीदच्या महाकाव्यात हे क्रियापद अजून 'फाब्लार' असे फ-सहित आहे. पुढे कास्तिलच्या बोलीत शब्दारंभीचा फ हकार होऊन अखेर मावळला. लिपीतील 'ह' त्याची खूण म्हणून उरला, उच्चारात काहीच नाही. साम्राज्याच्या मध्यभागी नवे पाराबोलारे रुजले आणि पश्चिम टोकावरच्या द्वीपकल्पात जुने फाबुलारी तग धरून राहिले. भाषेतील जुन्या चाली कडेच्या प्रदेशांत अधिक टिकतात, हा अनुभव मराठीच्या बोलींनाही आहे.

म्हणजे स्पॅनिश भाषकाचे बोलणे गप्पांतून निघाले आणि त्याचा शब्द दृष्टान्तातून. दोहोंच्या तळाशी कथाच आहे. फाबुलारीच्या मुळाशी 'फारी' म्हणजे बोलणे हा धातू आहे. इंग्रजीतील 'फेबल' आणि 'फॅब्युलस' यांच्याप्रमाणेच 'फेट' म्हणजे उच्चारले गेलेले दैव, 'फेम' म्हणजे लोकांच्या तोंडी असणे आणि 'इन्फंट' म्हणजे अजून न बोलणारे मूल हे सारे त्याच कुळातले. तौलनिक व्युत्पत्तिकार या धातूशी संस्कृत 'भण्'चे नाते जोडतात, आणि 'भण्'पासून मराठीचे 'म्हणणे' आले. तसे असेल तर स्पॅनिशचे आब्लार आणि मराठीचे म्हणणे ही फार दूरची भावंडे ठरतात. माशाल आणि पाराबोलाच्या बाबतीत म्हणीपासून बोलणे निघाले. मराठीत म्हणण्यापासून 'म्हण' निघाली.

इथवरचा इतिहास ध्वनींचा आणि अर्थांचा आहे. १४९२ नंतर त्यात माणसे येतात. त्या वर्षी आन्तोनियो दे नेब्रिहाने कास्तिलियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि भाषा ही नेहमीच साम्राज्याची सहचरी असते, असे मत त्याच्या प्रस्तावनेत मांडले. त्याच वर्षी कोलंबसाची जहाजे पश्चिमेला गेली. १५१३ मध्ये राजसेवेतील विधिज्ञ पालासियोस रुबियोस याने 'रेकेरिमिएन्तो' नावाचा मसुदा तयार केला. नव्या भूमीतील लोकांवर हल्ला करण्यापूर्वी तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, असा नियम झाला. पोपने या भूमी स्पेनच्या राजाला दिल्या आहेत, हे मान्य करा, न कराल तर युद्ध आणि गुलामगिरी ओढवेल व त्याचा दोष तुमचाच असेल, असा त्याचा आशय. वाचन स्पॅनिशमध्ये होई. समोरच्यांना त्यातले एक अक्षरही कळत नसे. कित्येकदा तो ओसाड खेड्यांत किंवा दूर अंतरावरून वाचला गेला. वाचन झाल्याची नोंद मात्र लेखनिकाने करणे आवश्यक होते. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने आपल्या इतिहासात यावर लिहिताना हसावे की रडावे हे कळत नाही, अशा आशयाचा उद्वेग प्रकट केला आहे. शेजारी आणून ठेवणे, समजावणे हा ज्या पदाचा जन्मार्थ, ते पद येथे समजण्याची गरजच नसलेल्या भाषणाचे नाव झाले होते.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी पेरूमधील काखामार्का येथे इंका सम्राट अताहुआल्पा आणि डॉमिनिकन धर्मगुरू व्हिसेन्ते दे व्हाल्व्हेर्दे समोरासमोर आले. दुभाष्यामार्फत व्हाल्व्हेर्देने धर्म सांगितला आणि हातातील ग्रंथ पुढे केला. अताहुआल्पाने तो पाहिला आणि फेकून दिला. त्यानंतर झालेल्या कत्तलीत हजारो माणसे मारली गेली आणि सम्राट कैद झाला. प्रत्यक्षदर्शी फ्रान्सिस्को दे खेरेस याने ही हकीकत विजेत्याच्या बाजूने नोंदवली आहे. सुमारे ऐंशी वर्षांनी वामान पोमा या अँडियन लेखकाने आपल्या सचित्र वृत्तान्तात तीच घटना दुसऱ्या अंगाने सांगितली. त्याचा अताहुआल्पा विचारतो की, हा ग्रंथ माझ्याशी बोलत का नाही? ज्या समाजात लेखन नव्हते, ज्यात शब्द म्हणजे समोरच्या माणसाच्या मुखातून आलेला आवाज होता, त्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी सरळ होता. वामान पोमाचे हस्तलिखित तीन शतके कोणाच्या दृष्टीस पडले नाही. ते १९०८ मध्ये कोपनहेगनच्या राजग्रंथालयात सापडले.

स्पेनमध्येही शब्द कोणी उच्चारावा यावर पहारा होता. सेव्हिलजवळच्या सान इसिदोरो देल काम्पो मठातील कासिओदोरो दे रेना हा भिक्षू १५५७ मध्ये, सुधारणावादी मते असल्याने, देश सोडून पळाला. १५६२ मध्ये धर्मन्यायपीठाने सेव्हिलमध्ये त्याचा पुतळा जाळला. माणूस हाती लागला नव्हता. जिनिव्हा, लंडन, अँटवर्प, फ्रँकफुर्ट असा भटकत तो भाषांतर करीत राहिला आणि १५६९ मध्ये बाझल येथे त्याचे स्पॅनिश बायबल छापून झाले. मुखपृष्ठावरील अस्वलाच्या चित्रामुळे ते 'अस्वलाचे बायबल' म्हणून ओळखले जाते. त्यात योहानाच्या आरंभी रेनाने 'व्हेर्बो' घातला नाही, 'पालाब्रा' घातली. ज्या पदाच्या पावित्र्यामुळे या शब्दाला बाजारात जागा मिळाली होती, त्याच पदाच्या सिंहासनावर बाजारातला शब्द जाऊन बसला. याआधी अर्धशतक इरॅस्मसने १५१९ च्या लॅटिन आवृत्तीत तेथे वेर्बुमऐवजी 'सेर्मो', म्हणजे भाषण, योजले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. रेनाच्या पुस्तकाच्या नंतरच्या सुधारकांनी व्हेर्बो परत आणला. तथापि विसाव्या शतकातील कॅथलिक अनुवादांतूनही पालाब्रा त्या जागी दिसू लागली. फरारी भिक्षूची निवड अशा रीतीने चारशे वर्षांनी त्याच्या विरोधकांच्या घरात मान्य झाली.

इंग्रजीकडे वळताना प्रथम एक गंमत नोंदवावी लागते. इंग्रजीचा स्वतःचा 'वर्ड' आणि लॅटिनचा 'वेर्बुम' हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. लॅटिनच्या थेट लेकीने जे टाकले, त्याचे भावंड उत्तरेकडील चुलत घराण्याने आजवर जपले आहे. मात्र पाराबोलाची संतती इंग्रजीत आली ती फ्रेंचमार्गे आणि इतकी की ती नातलग आहेत हे लक्षातही येत नाही. बायबलमधील कथेसाठी 'पॅरेबल' आणि वक्रासाठी 'पॅराबोला' ही दोन सरळच आहेत. 'पार्लर' मठांतून आला. मौनव्रती भिक्षूंना बाहेरून आलेल्यांशी बोलण्यासाठी एक वेगळी खोली असे, तिचे हे नाव. पुढे ती घराची बैठकीची खोली झाली. आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर 'ब्यूटी पार्लर' आणि 'आइस्क्रीम पार्लर' अशा पाट्या झळकतात. त्यांपैकी पहिल्यात बोलणे भरपूर चालते म्हणून तरी नाव सार्थ म्हणावे. शत्रूशी तहाची बोलणी ती 'पार्ली'. तेराव्या शतकात राजाने सरदारांशी केलेल्या विचारविनिमयाला 'पार्लमेंट' म्हणू लागले, म्हणजे शब्दशः 'बोलणे'. आपल्या 'संसदे'त एकत्र बसण्यावर भर आहे, बोलण्यावर नाही. स्पेनने आपल्या विधिमंडळाला 'कोर्तेस', म्हणजे दरबार, हे जुने नाव ठेवले.

शेक्सपियरच्या काळात खुद्द स्पॅनिश रूपही लंडनच्या कानांवर आलेले होते. त्याच्या एका नाटकात मद्यपी स्लाय 'थोडक्यात सांगा' अशा अर्थाचे स्पॅनिश शब्द मोडक्या उच्चारात फेकतो आणि दुसऱ्या नाटकात डॉगबेरी हा बोलघेवडा शिपाई 'पालाब्रास' म्हणतो. शत्रुराष्ट्राच्या भाषेचे हे तुकडे विदूषकांच्याच तोंडी असावेत, हे साहजिक होते.

या कुळातील सर्वांत विचार करावा असा शब्द म्हणजे 'पॅरोल'. फ्रेंचमध्ये पारोल म्हणजे उच्चारलेले वचन. फेर्दिनाँ द सोस्यूरच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथामुळे साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'लांग' आणि 'पारोल' हा भेद परिचित आहे : भाषेची सामाईक व्यवस्था आणि व्यक्तीने प्रत्यक्ष केलेला उच्चार. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभी हे पद आले ते सैनिकी अर्थाने. पकडलेला अधिकारी पळून जाणार नाही किंवा पुन्हा शस्त्र धरणार नाही, असा शब्द देई आणि तेवढ्यावर त्याला मोकळे सोडले जाई. मराठीतही शब्द 'देतात', 'पाळतात', 'मोडतात', कोणासाठी तरी 'टाकतात'. ग्रीक बाल्लेइनशी या शेवटच्या प्रयोगाचा संबंध नसला तरी साम्य मोठे आहे. आज वृत्तपत्रांत कैद्याला पॅरोल मंजूर झाल्याचे वाचायला मिळते. पूर्वी पॅरोल कैदी देत असे आणि आता तो शासन देते. शब्द तोच राहिला, देणारा हात मात्र बदलला.

पोर्तुगीज 'पालाव्रा' निराळ्या समुद्रमार्गाने इंग्रजीत गेली. पंधराव्या शतकात पोर्तुगीज जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला सरकू लागली. १४८२ मध्ये त्यांनी एल्मिनाचा किल्ला बांधला. सोन्याच्या आणि पुढे माणसांच्या व्यापारासाठी किनाऱ्यावरच्या प्रमुखांशी बोलणी करावी लागत. ती लांबत, त्यांत भेटी द्याव्या लागत, तंटे मिटवावे लागत. या साऱ्या बोलण्याला किनाऱ्यावरच्या व्यापारी बोलीत 'पालाव्रा' म्हणू लागले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज खलाशांनी तो 'पलाव्हर' म्हणून उचलला आणि त्याला आपला अर्थ दिला : कंटाळवाणी बडबड, खुशामत, उगाच लांबवलेली चर्चा. आफ्रिकी प्रमुखाच्या दृष्टीने जी न्यायनिवाड्याची रीत होती, ती खलाशाच्या दृष्टीने वेळेचा अपव्यय ठरली. इंग्रजी कोशांत त्या खलाशाचाच अर्थ नोंदला गेला, कारण कोश त्याच्या भाषेचे होते.

किनाऱ्यावर मात्र शब्दाने आपली प्रतिष्ठा सोडली नाही. पश्चिम आफ्रिकेच्या पिजिन इंग्रजीत 'पलावा' म्हणजे तंटा, भानगड, खटला, आणि त्याच नावाची एक पालेभाजीची आमटीही तिथे केली जाते. स्पॅनिशवरून आलेल्या फ्रेंच 'पालाब्र'ला तेथे झाडाची जोड मिळाली. ज्या मोठ्या झाडाखाली गाव जमते, तंटे ऐकले जातात, ते 'पालाब्रचे झाड'. गावच्या पिंपळाचा पार आणि त्याभोवती बसलेले पंच आठवले की त्याची कल्पना येते. लायबेरियात अशा बोलण्यासाठी छपराची झोपडी असते, तिला 'पलाव्हर हट' म्हणतात. त्या देशातील दीर्घ यादवी युद्धानंतर नेमलेल्या सत्य व समेट आयोगाने २००९ च्या अंतिम अहवालात राष्ट्रीय पातळीवर पलाव्हर हट भरवण्याची शिफारस केली. गुन्हेगाराने गावासमोर यावे, केलेले सांगावे, क्षमा मागावी, असा त्यामागचा विचार. खलाशांनी ज्याला बडबड म्हटले, त्या बोलण्याला तेथे न्यायाची भूमिका देण्यात आली.

एल्मिनाच्या किल्ल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १५१० मध्ये, पोर्तुगीज गोव्यात स्थिर झाले. त्यांच्या भाषेतून कोंकणी आणि मराठीत पुष्कळ शब्द आले. पाव, बटाटा, चावी, घमेले या वस्तू आल्या. पगार, लिलाव, तुरुंग हेही आले, म्हणजे राज्यकर्त्यांशी जेथे जेथे गाठ पडली तेथली नावे आली. पाव तर लॅटिन पानिसचाच वंशज. पालाव्रा मात्र रुजली नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिला बोलणी करण्याच्या कामातून जागा मिळाली होती. येथे बोलणी करणाऱ्यांजवळ दुभाषे आणि लिहित्या-वाचत्या भाषा आधीच होत्या, आणि मिशनऱ्यांना स्वतःलाच त्या शिकाव्या लागल्या. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने 'क्रिस्तपुराण' लिहिले ते मराठीत, ओव्यांत. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याचे कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये निघाले.

पुढे राज्यकर्त्यांचा धीर सुटला. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावी. फर्मान वाचून दाखवले गेले असेल, नोंदही झाली असेल. गोव्याच्या देवळांत आणि घरांत लोक कोंकणी बोलत राहिले. चर्चमध्ये बायबलातील पाठ वाचला जातो त्याला ते आजही 'देवाचें उतर' म्हणतात. कोंकणीत शब्दाला 'उतर' हेच नाव आहे. संस्कृत 'उत्तर'चे हे रूप. जुन्या मराठीतही 'उत्तर' हे पद बोल, वचन या अर्थाने येते.